तेवीस झाकणांची तार

जेसन की प्रोटोबफ, या प्रश्नाला गंगापूर रोडवरच्या त्या आठ माणसांच्या ऑफिसात एकविसावा दिवस लागला, तेव्हा ललित आणि योगिनी एकमेकांशी फक्त ई-मेलवर बोलत होते. दोघांच्या टेबलांमध्ये अंतर एका वॉटर कूलरचं. ललितने पाठवलेलं योगिनीच्या कॉम्प्युटरवर टिंग करून वाजायचं, ती वाचून ‘हं’ म्हणायची, तो ‘हं’ ललितला स्वच्छ ऐकू यायचा, आणि तरी तो उत्तराची वाट मेलमध्येच बघायचा.

काम तसं सरळ होतं. दिंडोरीच्या बाजूच्या चाळीसेक द्राक्षबागायतदारांनी मिळून काढलेल्या कंपनीला आपल्या बागांमधल्या फवारणीची नोंद मोबाइलवर ठेवायची होती. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला. ही माहिती बागेतल्या फोनमधून निघून ऑफिसच्या सर्व्हरवर पोचेपर्यंत कोणत्या साच्यात बांधून पाठवायची, एवढंच ठरायचं होतं. या साच्याला फॉर्मॅट म्हणतात, आणि त्यावरून माणसं जेवणाचे डबे वेगवेगळ्या खोल्यांत उघडतात, हे उज्वलाला या प्रोजेक्टमध्ये कळलं.

उज्वला तिथली प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर. पंचवटीत अकरा वर्षं, आधी टायपिंगचा, मग कॉम्प्युटरचा क्लास चालवून ती इकडे आली होती. इंजिनिअर नव्हती. जे येत होतं ते दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकलेलं होतं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ती आधी आपल्या स्वयंपाकघरात नेऊन लावून बघायची. ललितचा जेसन म्हणजे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ही हळद, हे जिरं. कोणीही येऊन वाचावं, पण चिठ्ठ्यांनीच निम्मं फडताळ भरतं. योगिनीचा प्रोटोबफ म्हणजे डब्यांवर नुसते आकडे, आणि कोणत्या आकड्यात काय, याची यादी घरच्या बाईकडे. जागा थोडी लागते, पण बाई माहेरी गेली की पाहुण्यांनी चहात मीठ घालायचं.

उज्वलाच्या मते स्वयंपाक दोन्ही घरांत झाला असता. पण हे ती कोणापुढे बोलली नव्हती. ठरवणं हे आपलं काम नाही, अशी तिची समजूत होती. कंपनीचे मालक महेश सर यांचीही स्वतःबद्दल हीच समजूत होती.

“तुम्ही आपसात ठरवा,” ते प्रत्येक मीटिंगच्या शेवटी म्हणायचे. एकविसाव्या दिवशी त्यांनी त्यात भर घातली. “उज्वला मॅडम, तुम्ही बागेत जाऊन या. मूळ डेटा कसा असतो ते बघा. या दोघांना समोर काहीतरी ठेवा.”

म्हणून मंगळवारी उज्वला बसने दिंडोरीच्या पुढे धोंडाबाईंच्या बागेत गेली. धोंडाबाईंची चार एकर बाग, घड भरलेले, तोडणी आठवड्यावर आलेली. साठीच्या त्या बाईने उज्वलाला पंपाच्या खोलीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि फवारणी बघणाऱ्या केरूला हाक मारली.

“केरू, या ताईला नोंद दाखव.”

केरूने खोलीतल्या खिळ्यावरून एक तार काढून आणली. वेल बांधायची साधी तार, तिच्यात औषधाच्या बाटल्यांची भोकं पाडलेली झाकणं ओवलेली.

“ही?” उज्वला म्हणाली.

“हीच. एक फवारणी, एक झाकण. लाल ते केवड्याचं, निळं ते भुरीचं, पांढरं किडीचं. मधी काळं वायसर दिसलं का समजायचं, आठवडा उलटला.” केवडा, भुरी हे द्राक्षवेलीचे रोग; वायसर म्हणजे ठिबकच्या नळीचं रबरी वॉशर. “हे वळवलेल्या आकड्याचं टोक छाटणीकडलं. हितनं सुरू. त्या टोकाला परवाची फवारणी. तेवीस झाल्या.”

“वही नाही ठेवत?”

“ठिवली होती. औषधाच्या हातानं वली झाली म्हणून वाळत घातली, तर बकरीनं खाल्ली.”

“बकरीला काही झालं नाही?”

“बकरीला नाय. वहीला झालं.”

उज्वलाने तार हातात घेतली. एकामागून एक ओवलेलं, क्रमाने, मध्ये खुणा. तीन आठवडे ऑफिसात ज्याच्यावरून मेलवर मेल पडत होते, ते इथे खिळ्याला लटकत होतं. हिचा फोटो पाठवला तर ललित आणि योगिनी तो एकमेकांच्या मेलना जोडून पाठवतील, हे तिला दिसत होतं. वस्तूच नेऊन टेबलावर ठेवावी. आणि वस्तूच हातात असताना फोटो कशाला, म्हणून तिने तो काढला नाही.

“दोन दिवस नेऊ का?”

केरूने धोंडाबाईंकडे बघितलं. धोंडाबाईंनी तारेकडे.

“शुक्रवारी तपासणीवाला साहेब येतोय,” त्या म्हणाल्या. “कोणतं औषध कधी मारलं, कशानंतर काय, ते दाखवलं तर माल परदेशी जायचा. नाही दाखवलं तर इथल्याच बाजारात, निम्म्या भावानं. वर्षाची मेहनत आहे. तू ने, पण शुक्रवारी सकाळी ही त्या खिळ्याला पाहिजे.”

“गुरुवारीच आणते,” उज्वला म्हणाली.

बुधवारी सकाळी तार ऑफिसात आली आणि महेश सरांना फार आवडली. ती त्यांनी हारासारखी गळ्यात घातली, दोन्ही टोकं मानेमागे एकमेकांत अडकवली, कंपनीच्या पाटीपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि माणसं एकमेकांच्या बढत्यांचं अभिनंदन करतात त्या साइटवर टाकला. खाली लिहिलं, ‘मातीशी नातं.’ मग त्यांनी तार ललितच्या टेबलावर ठेवली आणि ते बँकेत गेले.

उज्वला बागायतदारांच्या कंपनीशी फोनवर बोलत दीड तास आतल्या खोलीत होती. बाहेर आली तेव्हा ललितच्या टेबलावर पँट्रीतल्या चार स्टीलच्या वाट्या मांडलेल्या होत्या. एकीत लाल झाकणं, एकीत निळी, एकीत पांढरी. चौथीत वॉशर. शेजारी तार, सरळ केलेली.

“हे काय, ललित?”

“लावून ठेवलं, मॅडम. लाल नऊ, निळी सहा, पांढरी आठ. ही वॉशर सोळा आहेत, पण तो डेटा नाही, नुसती जागा खातात.”

“आणि क्रम?”

“क्रमाचं काय? प्रत्येक गोष्टीला तिचं नाव असलं की ती पुढे असो की मागे, काही बिघडत नाही. माझ्या फॉर्मॅटचा तोच तर फायदा आहे.”

वॉटर कूलरच्या पलीकडून आवाज आला. योगिनीचा, तोंडातून निघालेला, तीन आठवड्यांनंतरचा पहिला.

“नावं कुठे होती त्यांना? क्रम हाच डेटा होता, ललित.”

“मेल कर,” ललित म्हणाला. पण म्हणता म्हणताच त्याचा हात वाट्यांवर थांबला. त्याने उज्वलाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पांढऱ्या झाकणांकडे. आठही झाकणं एकसारखी पांढरी होती.

“या तारेला आकडा होता,” उज्वला म्हणाली. “एका टोकाला.”

“निघत नव्हता म्हणून कापला. दोन्ही टोकं कापली.”

उज्वला खुर्चीत बसली. धोंडाबाईंची चार एकर बाग चार वाट्यांत टेबलावर पडली होती. तिने केरूला फोन लावला.

“केरूभाऊ, सहज विचारते. सुरुवात कशानं केली होती?”

“नारळ फोडून.”

“तसं नाही. पहिलं झाकण कोणतं?”

“ते तारंत हाय ना, ताई. तार तुमच्याकडंच हाय.”

“हो,” उज्वला म्हणाली. “इथेच आहे सगळं.” आणि फोन ठेवला. एकही शब्द खोटा नव्हता, त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटलं.

फोटोची आठवण योगिनीला झाली. तिने साइट उघडली. एकशे बारा लोकांनी महेश सरांचं मातीशी असलेलं नातं आवडल्याचं कळवलं होतं. ललित खुर्ची ओढत कूलर ओलांडून तिच्या शेजारी आला, आणि दोघांनी सरांच्या छातीवरची झाकणं मोजायला घेतली.

सतरा दिसत होती. उरलेली सहा कॉलरखाली, तीन मानेच्या या बाजूला, तीन त्या बाजूला. सतरा वजा केल्यावर वाट्यांत दोन लाल, एक निळं, तीन पांढरी उरली, म्हणजे लपलेली कोणती ते कळलं, पण कोण कुठे ते कळेना. वॉशरांचं आणखी अवघड. वॉशर काळी आणि सरांचं जॅकेटही काळं. ललितने फोटोतला उजेड वाढवत नेला. सरांचं तोंड हळूहळू पांढरं होत दिसेनासं झालं, तेव्हा जॅकेटवर वॉशर उमटली.

“नवव्यानंतर दोन,” योगिनी म्हणाली.

“एक. दुसरं बटण आहे.”

“बटणाला चार भोकं असतात. हे वॉशरच.”

“बरं, दोन,” ललित म्हणाला. तीन आठवड्यांत त्याने मान्य केलेली ती पहिली गोष्ट होती.

गुरुवारी दुपारपर्यंत सतरा झाकणं कागदावर उतरली. लपलेल्या सहांची जागा अंदाजाने भरली, आणि मग खरी अडचण समोर आली. तार कोणत्या टोकापासून वाचायची? फोटोत सरांच्या मागची कंपनीची पाटी उलटी उमटली होती, म्हणजे फोन हातात धरून काढलेला फोटो, आरशासारखा. त्यात डावं दिसतं ते खरं तर कोणतं, यावर दोघांनी तासभर उठून, फिरून, एकमेकांसमोर उभं राहून हात वर करून बघितलं. ते जमलं. पण सुरुवातीचा आकडा सरांच्या कोणत्या खांद्याकडे होता, हे फोटो कुठून सांगणार?

“आकडा टोचला असेल सरांना,” योगिनी म्हणाली.

तिघं केबिनमध्ये गेले.

“सर, मान दाखवता?” उज्वला म्हणाली.

महेश सरांनी कारण न विचारता कॉलर खाली केली. कंपनी चालवताना त्यांना अशा सवयी लागल्या होत्या. मानेच्या उजव्या बाजूला एक ओरखडा होता. डाव्या बाजूलाही एक होता.

“एक दाढी करताना झालाय,” सर म्हणाले. “कोणता, ते तुम्ही आपसात ठरवा.”

ललितचं म्हणणं, उजवा ओरखडा लांब आहे, ब्लेड इतकं लांब जात नाही, तो तारेचा. योगिनीचं म्हणणं, डावा खोल आहे, तार खोल टोचते. लांबी आणि खोली यांवर दोघं बोलत राहिले. आता मेल नव्हता, त्यामुळे दोघंही एकाच वेळी बोलू शकत होते. पाच वाजले. सरांची मान आखडली.

“उजवीकडून,” उज्वला म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे वळून बघितलं. तिने काही ठरवलेलं त्यांनी यापूर्वी ऐकलेलं नव्हतं.

“कशावरून, मॅडम?” योगिनीने विचारलं.

“आपण कुठलंही चांगलं काम उजव्या हातानं सुरू करतो. सरही हार घालताना आकड्याचं टोक उजव्याच हातात धरणार.”

हा नियम कुठल्याच फॉर्मॅटमध्ये नव्हता. ललितने कचऱ्याच्या डब्यातून कापलेला आकडा शोधून आणला आणि कापून आखूड झालेल्या तारेऐवजी आणलेल्या नव्या तारेच्या उजव्या टोकाला पक्कडीने बसवला. पण तार ओवून होईपर्यंत शेवटची बस निघून गेलेली होती. गुरुवारचं वचन तिथेच मोडलं.

शुक्रवारी सकाळी ललितच्या गाडीतून तिघं निघाले. आधी केरूला बाजूला घ्यायचं आणि सगळं खरं सांगायचं, असं उज्वलाने वाटेत तीनदा मनाशी घोकलं. पण बागेत पोचले तर तपासणीवाला साहेब खुर्चीत बसून चहा संपवत होता. पुढ्यातल्या स्टुलावर औषधाच्या दुकानाच्या पावत्या आणि एक लांब फॉर्म. धोंडाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी उज्वलाकडे बघितलं नाही. तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.

“आली का तार?” साहेब म्हणाला. “आणा. मागच्या वर्षीही तारच होती ना तुमची?”

उज्वलाने पिशवी केरूला दिली. “केरूभाऊ, एक मिनिट जरा...”

“बोलू मागनं,” केरू म्हणाला. त्याने तार बाहेर काढली. आकड्यावर अंगठा फिरवला. तार उलटी करून दुसरं टोक बघितलं, आणि मग एकदाच, फार थोडा वेळ, उज्वलाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. शेजारणीने परत केलेल्या पातेल्याचं बूड बघतात, तसं काहीतरी होतं. मग तो पंपाच्या ओट्यावर बसला आणि सांगू लागला.

“पहिली, पोंगा फुटला तवा. ऑक्टोबरची एकोणीस. लाल.”

बोटाने पहिलं झाकण सरकलं. साहेब फॉर्ममध्ये लिहू लागला. दुसरी, तिसरी, मध्ये आठवडा, चौथी. केरूचा आवाज एका पट्टीत चालला होता, बोटं झाकणामागून झाकण सोडत होती, आणि कुठे अडखळणं नव्हतं. उज्वलाही मनात त्याच्याबरोबर मोजू लागली. ललितने योगिनीकडे विजयी नजर टाकली. बरोबर वाचता येतंय म्हणजे टोक उजवंच होतं. योगिनीने समोरच्या घडांवर नजर खिळवली.

तेवीस झाल्या. साहेबाने पेन खाली ठेवलं.

“आता एक पडताळणी. तुम्हीच कोणतंही एक झाकण धरा आणि औषध, तारीख सांगा. मी पावतीशी लावून बघतो.”

केरूने तार दोन्ही टोकांनी उचलली, मधोमध वाकवली, आणि खाली लोंबणाऱ्या झाकणावर बोट ठेवलं.

“निळं. भुरीचं. डिसेंबरची अकरा.”

साहेबाने पावत्या चाळल्या. भुरीचं औषध, खरेदी दहा डिसेंबर. त्याने वरून बोटाने मोजत येऊन बारावं झाकण बघितलं, फॉर्मवरची बारावी ओळ बघितली, दोन्ही ठिकाणी निळं होतं. सही केली, शिक्का मारला.

“छान ठेवता तुम्ही नोंद,” तो उठताना म्हणाला, आणि शहरातल्या तिघांकडे वळला. “तुमचं ते ॲप झालं की माहिती मला एक्सेलमध्ये मेल करत जा. आमच्याकडे दुसरं काही उघडत नाही.”

ललित आणि योगिनी यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाच घरातलं माणूस गेल्यासारखं दोघांचं तोंड झालं होतं.

साहेबाची गाडी बांधाच्या वळणाला दिसेनाशी झाली. धोंडाबाईंनी फॉर्मची प्रत घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, आणि तेव्हा कुठे त्यांचा पदर कमरेचा सुटला. उज्वलाने घसा साफ केला.

“केरूभाऊ, ही तार...”

“उलटी हाय,” केरू म्हणाला.

त्याने तार तिच्यापुढे धरली.

“आकडा शेवटाकडं लावलाय. अन् दोन्ही टोकांची तीन तीन झाकणं कायच्या काय हायत.”

“मग तुम्ही वाचलंत कसं?” ललितने विचारलं.

“वाचलं कुठं? तेवीस तर फवारण्या. माझ्या हातानं मारल्या. पाठ हायत.”

“पाठ आहेत तर तार कशाला ठेवता?”

“तोंडी सांगितल्यालं सायेब लिहून घेत नायत. हातात कायतरी धरावं लागतं.”

योगिनी ओट्याजवळ आली. “पण त्यांनी झाकण धरायला सांगितलं तेव्हा?”

“मधलं धरलं. सगळ्या तारंत तेवढं एकच जाग्यावर होतं.”

ललितचे ओठ हलले. अकरा या बाजूला, अकरा त्या बाजूला. मधलं बारावं, ते तार उलटली तरी बारावंच.

उज्वलाने मग सगळं सांगितलं. वाट्या, गळ्यातला हार, मानेवरचे ओरखडे, आणि टोक आपणच ठरवलं ते. धोंडाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“साहेबानं स्वतः झाकण निवडलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर माझी बाग आज बाजारात गेली असती, बाई.”

“हो.”

“मानेवरनं ठरवलंत.”

“हो.”

धोंडाबाईंनी साहेबाचा रिकामा कप उचलला. मग त्या चहा टाकायला आत गेल्या. चार कप विसळल्याचा आवाज आला, मग थोडं थांबून पाचव्याचा, तेव्हा उज्वलाला बरं वाटलं.

केरूने पक्कड मागितली. पुढच्या वर्षी नवी तार असते, पण ही माल जाईपर्यंत खिळ्याला हवी, आणि चुकीची तार खिळ्याला लावायची नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. योगिनीने पक्कड दिली. त्याने आकडा उपटून दुसऱ्या टोकाला वळवला, टोकांची झाकणं काढून उज्वलाच्या ओंजळीत दिली, आणि एकेक मागून घेऊ लागला. ललित जवळ येऊन वॉशर धरून बसला. त्यांना ‘डेटा नाही’ म्हटल्याचा उल्लेख कोणी केला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. महेश सर.

“उज्वला मॅडम, बागायतदारांच्या कंपनीचा फोन होता. फॉर्मॅट कोणता, ते त्यांना आज लेखी हवंय. मी काय सांगू?”

उज्वलाने ओंजळ डाव्या हातात सावरली.

“जेसन सांगा. पण प्रत्येक नोंदीवर तिची तारीख, औषध, बाग, सगळं तिचं तिला चिकटवलेलं. नोंद सुटी होऊन कुठेही पडली तरी ती कोणाची, कधीची ते कळलं पाहिजे. आणि तपासणीसाठी एक्सेलचं बटण.”

योगिनीने ओंजळीतल्या सुट्या झाकणांकडे बघितलं आणि मान डोलावली.

“हे कोणी ठरवलं?” सरांनी विचारलं.

“मी.”

उज्वलाने फोन ठेवला.

“ताई,” केरू तार पुढे धरून म्हणाला, “पांढरं द्या.”